मातृत्वाचा काळ आणि कुटुंबाची मिळकत : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

अपत्यजन्माचा काळ आणि आईबापांची मिळकत यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न वरवर पाहता शहरातील सुशिक्षित नोकरदारांचा वाटतो. कारण पहिले मूल पंचविसाव्या वर्षी व्हावे की बत्तिसाव्या, ही निवडच मुळी ज्यांना पदवी, बढती आणि वेतनश्रेणी यांचा विचार करावयाचा असतो त्यांच्यापुढे उभी राहते, अशी आपली समजूत असते. परंतु कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र, सिमेंटचे कारखाने आणि बल्लारपूरची कागद गिरणी ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, आणि ज्याच्या उदरातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा सुमारे सत्तर टक्के वनाच्छादित जिल्हा वेगळा काढण्यात आला, त्या प्रदेशात हा प्रश्न एकाच वेळी दोन रूपे धारण करतो. एका घरात नेमणुकीचा हुकूम, सेवापुस्तिका आणि वार्षिक वेतनवाढ असते; तेथून एक-दोन तालुके ओलांडले की धान, मोह, तेंदू आणि बांबू यांच्यावर चालणारे, जेथे नेमणूकही नाही आणि निवृत्तीही नाही, असे घर लागते. मूल दोन्ही घरांत जन्मते आणि मिळकत दोन्ही घरांत हलते. मात्र एका घरातील हालचाल दफ्तरात उमटते, दुसऱ्या घरातील उमटत नाही.

चर्चेच्या सोयीसाठी प्रथम एक भेद स्पष्ट करणे इष्ट आहे. अपत्यजन्माच्या काळाचे तीन अर्थ संभवतात : पहिला, आईचे वय, दुसरा, एका बाळंतपणापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर, आणि तिसरा, वर्षातील ज्या हंगामात प्रसूती येते तो हंगाम. अर्थशास्त्राने बहुतांशी पहिल्याचा अभ्यास केला, आरोग्यसेवकांनी दुसऱ्याची काळजी वाहिली, आणि तिसरा मात्र कष्टकरी स्त्रीच्या हिशेबातच राहिला. प्रस्तुत आढाव्यात या तिन्ही अर्थांच्या आधाराने वादाची पूर्वपीठिका, त्यातील प्रमुख पक्ष, या दोन जिल्ह्यांतील वस्तुस्थिती, शासनाच्या तरतुदी आणि अद्याप अनिर्णीत राहिलेले प्रश्न अशा क्रमाने विचार केला आहे.

२. पूर्वपीठिका

आपल्याकडे या चर्चेचा आरंभ विवाहवयाच्या वादातून झाला. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेले. १९२९ च्या शारदा कायद्याने तिच्या विवाहाची किमान मर्यादा चौदा वर्षे ठरविली. १९७८ च्या दुरुस्तीने ती अठरा झाली. २००६ साली बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा आला. आणि २०२१ साली ती मर्यादा एकवीसवर नेण्याचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. या दीर्घ वादात धर्म, प्रकृती, शिक्षण आणि कुटुंबातील सत्ता यांविषयी पुष्कळ बोलले गेले. स्त्रीच्या कमाईचा विचार मात्र त्यात फार उशिरा, आणि तोही अनुषंगाने, आला. अपत्य केव्हा व्हावे हे ठरविण्याचा अधिकार दांपत्याचा, विशेषतः स्त्रीचा, आहे असे निर्भयपणे सांगणारे र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. पुढील काळातील अर्थशास्त्रीय विचाराला जी निवड गृहीत धरावी लागते, ती निवडच प्रथम मान्य करून घेण्याचे हे कार्य होते, आणि म्हणून त्याचे स्थान या विषयाच्या इतिहासात पायाभूत मानले पाहिजे.

दुसरा प्रवाह मजूर कायद्याचा. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले, ते संमत झाले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात अशाच विधेयकाचा पुरस्कार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला, आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा त्या वेळी मध्य प्रांतात होता, आणि तेथे १९३० साली याच स्वरूपाचा कायदा झाला. मात्र त्याची व्याप्ती कारखान्यांपुरती होती. खाणकामगार स्त्रियांसाठी १९४१ चा खाण प्रसूतिलाभ कायदा यावा लागला. त्याच सुमारास भूगर्भात स्त्रियांनी काम करावे की नाही हा वाद पेटलेला होता. १९३७ साली पूर्ण झालेली बंदी महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, कोळशाच्या टंचाईमुळे उठविण्यात आली आणि १९४६ साली पुन्हा लागू झाली. मातेचे संरक्षण करावयाचे म्हणून तिची मजुरी काढून घ्यावी काय, की मजुरी चालू ठेवून संरक्षणाची तजवीज करावी, हा या विषयातील मूळ पेच चांदा-वर्ध्याच्या कोळसापट्ट्याला ऐंशी वर्षांपूर्वीच परिचित झाला होता. भूगर्भात स्त्रियांना अटींवर काम करू देण्याची मुभा पुढे २०१९ साली देण्यात आली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन आले. शासनाचा लोकसंख्याविषयक दृष्टिकोन मात्र संख्येकडे वळलेला राहिला. महाराष्ट्राच्या २००५ च्या लहान कुटुंबविषयक नियमांनी शासकीय सेवेला दोन अपत्यांची मर्यादा घातली. अपत्ये किती असावीत याचा विचार त्यात झाला, केव्हा व्हावीत याचा झाला नाही.

३. प्रदेश आणि त्याची मिळकत

या दोन जिल्ह्यांतील मिळकतीचे वर्ष पंचांगाप्रमाणे फिरते. फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून मोहफुले वेचावयाची, वैशाखात, ऊन चढण्यापूर्वी, तेंदूची पाने तोडून त्यांची पुडकी बांधावयाची आणि फळीवर, म्हणजे संकलनकेंद्रावर, नेऊन मोजून द्यावयाची, आषाढ-श्रावणात चिखलात उभे राहून धानाची रोवणी, आश्विन-कार्तिकात कापणी व बांधणी, हिवाळ्यात बांबूतोड, आणि ज्यांना एवढ्यावर भागत नाही त्यांना माघ-फाल्गुनात सीमेपलीकडे तेलंगणात मिरची तोडावयास जाणे भाग. यांतील मोह, तेंदू आणि रोवणी ही तिन्ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातांवर चालतात. त्यांतही तेंदूचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा, पण वर्षातील सर्वांत मोठी रोख रक्कम हाती देणारा. त्यामुळे वैशाखात प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या घराला बसणारी खोट आणि पौषात प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या घराला बसणारी खोट, तिचे वय तेच असले तरी, सारखी असू शकत नाही.

वनावरील हक्कांच्या इतिहासाचाही येथे संबंध येतो. मालगुजारी आणि जमीनदारीच्या काळापासून चालत आलेले, घरगुती गरजेपुरता वनोपज घेण्याचे निस्तार हक्क राखीव वनांच्या कारभारात आकुंचित होत गेले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतविस्तार) कायद्याची महाराष्ट्रातील नियमावली २०१४ साली आल्यावर अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. वनोपजाचा जमाखर्च अशा रीतीने गावाच्या स्वाधीन झाला, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

विवाहवयाच्या बाबतीत पूर्व विदर्भाची स्थिती बीड, परभणी यांसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांहून पुष्कळ बरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झालेला होता आणि राज्याचा एकूण जननदर १.७ इतका खाली आलेला होता. त्याच पाहणीत राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांनी शस्त्रक्रियेचा मार्ग स्वीकारलेला दिसतो. म्हणजे आपल्याकडील सर्वसाधारण क्रम असा की विशीच्या आरंभी पहिले मूल, अल्प अंतराने दुसरे, आणि तिशीच्या आत प्रजननाची समाप्ती. पाश्चात्त्य वाङ्मयात ज्या लांबणीवर टाकलेल्या मातृत्वाची चर्चा चालते, त्याहून हा क्रम इतका भिन्न आहे, की तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

४. अर्थशास्त्रातील प्रमुख पक्ष

पहिला पक्ष विलंबाच्या लाभाचा आहे. गॅरी बेकर यांनी १९६५ साली कुटुंबातील वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडला. जेकब मिन्सर आणि सॉलोमन पोलाचेक यांनी १९७४ साली दाखविले, की कामातील अनुभव हे एक प्रकारचे भांडवल असून त्यात खंड पडला की वेतनाची वाढ खुंटते. यावरून असे अनुमान निघते, की अनुभवाच्या ज्या वर्षांत वेतन झपाट्याने चढते त्या वर्षांत मूल झाले तर हानी अधिक, आणि ती वर्षे उलटल्यावर झाले तर कमी. अमालिया मिलर यांनी २०११ साली अमेरिकन स्त्रियांच्या माहितीवरून, गर्भपात आणि गर्भनिरोधनातील अपयश यांसारख्या अनैच्छिक घटनांचा आधार घेऊन, असा निष्कर्ष काढला की पहिले मातृत्व एक वर्ष लांबल्यास स्त्रीच्या कमाईत सुमारे ९ टक्के वाढ होते. आणि हा लाभ उच्चशिक्षित व व्यावसायिक स्त्रियांना अधिक मिळतो.

दुसरा पक्ष संशयाचा आहे. लवकर माता होणाऱ्या स्त्रिया आणि उशिरा माता होणाऱ्या स्त्रिया यांच्या परिस्थितीत मुळातच अंतर असते. गरिबी, अपुरे शिक्षण, घरातील ओढाताण ही मातृत्वापूर्वीच तेथे असतात, आणि कमाईतील सारा फरक मातृत्वाच्या वयावर लादणे म्हणजे कार्याला कारण समजणे होय, असे या पक्षाचे म्हणणे. अर्लीन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन यांनी १९९२ साली सख्ख्या बहिणींची तुलना केली, तेव्हा किशोरवयीन मातृत्वाची म्हणून समजली जाणारी हानी बरीच घटलेली आढळली. जोसेफ हॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नैसर्गिक गर्भपाताच्या घटनांचा आधार घेऊन जवळपास त्याच दिशेचा निष्कर्ष काढला. उलटपक्षी, एरिका फील्ड आणि अ‍ॅटिला अ‍ॅम्ब्रस यांनी २००८ साली बांगलादेशातील ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की विवाह एकेका वर्षाने लांबला की शालेय शिक्षणात ०.२२ वर्षाची वाढ होते. पहिल्या दोन अभ्यासांतील स्त्रिया अमेरिकेतील होत्या आणि तिसऱ्यातील आपल्या शेजारच्या देशातील, हे ध्यानात ठेवले म्हणजे या निष्कर्षांतील अंतर विसंगती न वाटता परिस्थितिभेद म्हणून समजून घेता येते.

तिसरा पक्ष म्हणतो, की वय हा मुद्दाच दुय्यम आहे. मूल झाल्यावर त्याचे संगोपन कोणी करावयाचे याविषयीची समाजाची रीत आणि कामाची घडण हीच हानी ठरविते. हेन्रिक क्लेवेन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली डेन्मार्कच्या नोंदींवरून दाखविले, की पहिल्या अपत्यानंतर स्त्रियांची कमाई दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि पुरुषांच्या कमाईवर काहीच परिणाम होत नाही. उदार रजा आणि पाळणाघरे असलेल्या देशातही हे घडावे, ही विचार करावयास लावणारी बाब आहे. २०२३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दीर्घ व अनिश्चित तासांना जास्त दाम देणाऱ्या व्यवसायांच्या घडणीकडे बोट दाखविले. या पक्षाच्या निष्कर्षांनाही आव्हान मिळाले आहे. लुंडबोर्ग, प्लुग आणि रासमुसेन यांनी कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेणाऱ्या डॅनिश स्त्रियांच्या २०१७ च्या अभ्यासात टिकाऊ हानी दाखविली होती; परंतु त्याच तिघांनी अधिक दीर्घ काळाची माहिती तपासली, तेव्हा ती हानी सुमारे दशकभरात ओसरते असे त्यांना आढळले. अर्थात समृद्ध देशांतील उत्कृष्ट नोंदींवरही हा वाद मिटलेला नाही.

चौथा पक्ष विकासाच्या टप्प्याचा आहे, आणि आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने तोच सर्वांत उद्बोधक. क्लेवेन व सहकाऱ्यांनी पुढे १३४ देशांची तुलना केली. तीत असे दिसले, की शेतीप्रधान व गरीब देशांत अपत्यामुळे स्त्रीच्या कामात पडणारा खंड अल्प असतो, आणि समाज पगारी नोकरीकडे वळतो तसतसा तो वाढत जातो. शेतात आणि जंगलात मूल बरोबर नेता येते, कार्यालयात आणि कारखान्यात नेता येत नाही, हे त्यामागील सरळ कारण. भारताच्या शहरी भागाविषयी मैत्रेयी बोर्डिया दास आणि इएवा झुम्बिते यांनी १९८३ ते २०११ या काळाचा अभ्यास केला, त्यातही लहान मूल असण्याचा स्त्रीच्या नोकरीवरील प्रतिकूल परिणाम कालांतराने वाढत गेलेला आणि घरात वडीलधारी स्त्री असली की तो सौम्य होत असलेला आढळला.

५. हे पक्ष या जिल्ह्यांत कसे लागू पडतात

येथील कमावत्या स्त्रियांचे, विवेचनापुरते, तीन थर कल्पिता येतील.

पहिला थर नियमित नोकरीचा : शिक्षिका, परिचारिका, तलाठी, पोलीस, वीजकेंद्र व खाणीतील कर्मचारी. येथे विलंबाच्या लाभाचे तत्त्व बहुतांशी लागू पडते, परंतु एका विशिष्ट रीतीने. शासकीय वेतनश्रेणीत वार्षिक वाढ ठराविक असल्यामुळे एकदा रुजू झालेल्या स्त्रीची मूल झाल्याने फारशी आर्थिक हानी होत नाही. प्रसूतीची १८० दिवसांची रजा आणि २०१८ पासून राज्य शासनाने मान्य केलेली १८० दिवसांची बालसंगोपन रजा तिच्या पाठीशी असतात. खरी कसोटी रुजू होण्यापूर्वीची. शासकीय सेवेत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. परंतु पोलीस शिपायाच्या भरतीत वयोमर्यादा खुल्या वर्गास २८ आणि मागासवर्गीयांस ३३ वर्षांची असून ८०० मीटर धावणे व गोळाफेक यांची मैदानी परीक्षा द्यावी लागते. ज्या जिल्ह्यात पोलीस भरती हे कायम पगाराचे सर्वांत परिचित प्रवेशद्वार आहे, तेथे विशीतील बाळंतपण आणि भरतीची जाहिरात एकाच वर्षी आली तर त्या तरुणीचे संपूर्ण आयुष्यातील उत्पन्न बदलून जाऊ शकते. येथे निर्णायक ठरते ते मातृत्व आणि नेमणूक यांपैकी आधी काय आले हे.

दुसरा थर मानधनाचा आणि मोबदल्याचा. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून निर्माण झालेल्या आशा स्वयंसेविका या थरात येतात. आशा म्हणून निवड होताना २५ ते ४५ या वयोगटातील आणि त्याच गावातील विवाहित, विधवा वा परित्यक्ता स्त्रीला प्राधान्य असते; म्हणजे जे विवाह व मातृत्व इतरत्र कमाईच्या आड येते, तेच येथे कमाईच्या दारात प्रवेश देते. सर्व बाळंतपणे आटोपून, मुले थोडी मोठी झाल्यावर पंचविशी-तिशीत प्रथमच स्वतःच्या नावे पैसा मिळविणारी अशी स्त्री विलंबवादी सिद्धांतात कोठेच बसत नाही. तिच्या दृष्टीने लवकर आलेले मातृत्व हानिकारक ठरले ते मुख्यत्वे शाळा सुटली म्हणून. कारण दहावी-बारावीचा दाखला हाती असता तर तीच स्त्री सेविका, परिचारिका किंवा शिक्षिका होऊ शकली असती. शिवाय आशा स्वयंसेविकेचा बराचसा मोबदला कामागणिक असल्याने तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तो आटतो. अंगणवाडी सेविकेला मात्र १८० दिवसांची मानधनासह अनुपस्थिती मान्य आहे.

तिसरा आणि सर्वांत मोठा थर रोजमजुरी व वनोपजाचा. येथे वेतन अनुभवाबरोबर चढत नाही. वीस वर्षांच्या आणि चाळीस वर्षांच्या स्त्रीला रोवणीची मजुरी एकाच दराने मिळते. म्हणून मातृत्वाचे वय पुढेमागे झाल्याने मजुरीच्या दरात फरक पडण्याचे कारण नाही, आणि पहिल्या पक्षाचा मुख्य आधारच येथे निखळून पडतो. यावरून येथे हानी होत नाही असे मात्र समजणे योग्य नव्हे. ती तीन मार्गांनी होते.

एक मार्ग शरीराचा. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले होते. जिचे सारे उत्पन्न कंबर वाकवून करावयाच्या कामावर अवलंबून आहे, तिच्या बाबतीत असे आजार म्हणजे अंगावर काढलेली मजुरीच होय. बाळंतपणातील अंतर, त्यानंतरची विश्रांती आणि लवकर कामावर जाण्याची सक्ती यांचा त्या दुखण्यांशी संबंध कितपत, हे वेगळे काढून सांगणे कठीण असले, तरी तो प्रश्न मिळकतीच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. अंतराचा बालमृत्यूशीही निकटचा संबंध आहे. तान्हे मूल गेले की स्तनपान थांबते आणि पुढील गर्भधारणा लवकर होते. म्हणून बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन नवजात मृत्यूंत जी ६२ टक्क्यांची घट घडवून आणली आणि जी १९९९ साली प्रसिद्ध झाली, तिचा एक परिणाम मातेच्या कामाच्या वर्षांवरही झाला असला पाहिजे, असे मानण्यास सयुक्तिक आधार आहे.

दुसरा मार्ग हंगामाचा, ज्याचा उल्लेख वर आलाच आहे. आणि तिसरा मार्ग थोरल्या मुलीचा. आई रोवणीला किंवा तेंदूला गेली की तान्ह्याला झोळीत झुलविण्याचे काम आजीकडे, आणि आजी नसेल तर आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे येते. अशा वेळी आईच्या मजुरीत खंड पडला नाही असे नोंदीत दिसेल. प्रत्यक्षात तो खंड मुलीच्या शाळेच्या हजेरीपटात पडलेला असतो, आणि एका पिढीची हानी पुढील पिढीच्या खाती जमा झालेली असते. ती मुलगी आश्रमशाळेत राहावयास गेली की तिचे शिक्षण सुरक्षित होते, पण आईचा आधार नाहीसा होतो. शिक्षणाच्या प्रसाराबरोबर लहान मुलांच्या संगोपनाची सार्वजनिक व्यवस्था वाढली नाही, तर मातेची हानी वाढेल, असा चौथ्या पक्षाचा जो सिद्धांत, त्याची येथील यंत्रणा ही अशी आहे. सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीमुळे आणि कोनसरीच्या प्रकल्पामुळे पाळीने चालणारी पगारी कामे ज्या तालुक्यांत नव्याने पोहोचत आहेत, तेथे हा पालट याच दशकात अनुभवास येणार आहे.

६. पित्याच्या मिळकतीचा विचार

या विषयावरील बहुतेक लेखन मातेपुरते थांबते. शेली कॉरेल आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात असे दिसले, की समान पात्रतेच्या अर्जदारांत माता असलेल्या स्त्रीचे मूल्य मालक कमी लेखतात, पिता असलेल्या पुरुषाचे लेखत नाहीत. आपल्याकडे पित्यावरील परिणाम वेगळ्या वाटेने होतो. बाळंतपणाचा आणि आजारपणाचा खर्च अंगावर आला की मुकादमाकडून उचल घ्यावी लागते, आणि ती फेडण्यासाठी मिरचीच्या किंवा बांधकामाच्या कामावर दूर जावे लागते. पिता अधिक दिवस काम करतो, परंतु त्या कामाचा दर ठरविण्याची ताकद गमावतो. केंद्रीय कर्मचाऱ्यास पंधरा दिवसांची पितृत्वरजा मिळते. रोजमजुरी करणाऱ्या पित्यासाठी अशी कल्पनाच अद्याप रुजलेली नाही. माडिया व गोंड कुटुंबांत तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन वावरणारा बाप हे दृश्य दुर्मीळ नाही. त्या संगोपनाला वेळ व मोल दोन्ही आहेत, हे मोजणी करणाऱ्यांनी लक्षात घेतले पाहिजे.

७. शासनाच्या तरतुदी

शासनाने या हानीची भरपाई तत्त्वतः मान्य केली आहे, ही जमेची बाजू प्रथम सांगितली पाहिजे. २०१० साली इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना प्रायोगिक स्वरूपात आली, तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा व अमरावती हे दोन जिल्हे निवडले गेले होते. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई हा तिचा उघड हेतू होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेस किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना मात्र पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये देते, आणि पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची भर तीत पडली. रक्कम वय, अंतर वा हंगाम यांपैकी कशाशीच निगडित नाही. ती टप्प्याटप्प्याने मिळत असल्याने नेमक्या ज्या आठवड्यांत मजुरी बुडते त्या आठवड्यांत हाती येईलच असेही नाही. दुर्गम भागातील गर्भवतींना प्रसूतीपूर्वी दवाखान्याजवळ राहता यावे म्हणून उभारलेली माहेरघरे आणि आदिवासी क्षेत्रात मान्य झालेले बुडीत मजुरीचे तत्त्व ही या दृष्टीने अधिक नेमकी आहेत. २०१५ पासूनची अमृत आहार योजना गर्भवती व स्तनदा स्त्रीला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण अन्न देते.

संगोपनाची बाजू सर्वांत दुर्बळ आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिला मजुरी द्यावी, अशी स्वच्छ तरतूद होती. तिच्यामागील विचार आजही ग्राह्य आहे. तेंदूच्या फळीवर वा रोवणीच्या बांधीवर अशी तरतूद नाही. अंगणवाडी तीन वर्षांवरील मुलांना काही तास सांभाळते. तीन वर्षांखालील मूल, ज्याच्यामुळे आईचे पाऊल घरात अडते, तिच्या कक्षेबाहेर राहते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये नेमक्या या वयाच्या मुलांसाठी गावातील मातांनीच चालविलेल्या ‘फुलवारी’ केंद्रांचा प्रयोग झाला, तो या दोन जिल्ह्यांना सर्वांत निकटचा आदर्श ठरतो.

८. अनिर्णीत प्रश्न

काही गोष्टींवर बहुतेक अभ्यासकांचे एकमत होण्यासारखे आहे. अठराव्या वर्षापूर्वीचे मातृत्व शिक्षण तोडते आणि त्या वाटेने आयुष्यभराची कमाई घटविते. जेथे वेतन अनुभवाने चढते तेथे पहिल्या नेमणुकीपूर्वीचे व नंतरचे मातृत्व यांत मोठा फरक पडतो; जेथे ते चढत नाही तेथे वयाचा परिणाम अल्प आणि संगोपनाच्या सोयीचा परिणाम मोठा असतो.

याउलट पुढील प्रश्न खुले आहेत. लवकर माता होऊन लवकर मोकळ्या झालेल्या स्त्रीला तिशीनंतर जी अखंड कामाची वर्षे मिळतात, ती आरंभीच्या हानीची भरपाई करतात काय? विवाहाचे किमान वय एकवीसवर नेल्याने, शाळा व रोजगार यांची सोय तशीच राहिली तर, मिळकतीत फरक पडेल काय? पुरस्कर्ते म्हणतात, कायदा शिक्षणाला अवकाश मिळवून देईल. विरोधक म्हणतात, अवकाश शाळेने व रोजगाराने निर्माण होतो आणि केवळ कायद्याने गरीब कुटुंबे गुन्हेगार ठरतील. दोन्ही बाजूंना आधार आहेत, आणि पूर्व विदर्भात कमी असलेले बालविवाहाचे प्रमाण कायद्यामुळे की येथील स्त्रीच्या कामाला असलेल्या मोलामुळे, हे निश्चित झाल्याशिवाय निर्णय देणे उतावीळपणाचे होईल. हंगाम आणि प्रसूती यांच्या मेळाने होणारी हानी किती, आणि थोरल्या मुलीच्या शिक्षणावर तिचा किती भार पडतो, हेही मोजले गेले पाहिजे.

या सर्व प्रश्नांच्या मुळाशी नोंदीचा प्रश्न आहे. तेंदूचे पैसे बहुधा कुटुंबाच्या नावे मोजले जातात. पाने तोडणारे हात तीन असोत की पाच, वहीत नाव एकाचे असते. अशा हिशेबात बाळंतीण घरी राहिली काय, किंवा दहाव्या दिवशी जंगलात गेली काय, दोन्ही सारखेच दिसते. आणि जी हानी दिसत नाही तिची भरपाई मागताही येत नाही. राष्ट्रीय पाहण्यांना हे काम साधणे अवघड आहे, पण ज्या ग्रामसभांनी तेंदू आणि बांबू यांचा कारभार आपल्या हाती घेऊन चोख हिशेब ठेवण्याची पात्रता सिद्ध केली आहे, त्यांना ते सहज साधेल. तेंदूच्या नोंदवहीत कुटुंबप्रमुखाच्या नावाबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे नाव व दिवस लिहिले जावेत, आणि त्या वर्षी घरात जन्म झाला असल्यास त्याचा महिना शेजारी नोंदविला जावा. एवढ्या एका रकान्याने पाच-सहा हंगामांत या प्रश्नावर जो प्रकाश पडेल, तो परदेशी निष्कर्षांच्या अनुवादाने कधीच पडणार नाही; आणि बुडीत मजुरी कोणाला, किती व कोणत्या महिन्यात द्यावी, हे ठरविण्याचा आधार प्रथमच गावाच्या स्वतःच्या दफ्तरात उपलब्ध होईल.